पान मराठी, अक्षरं कानडी

मला लाल रेघ बघवत नाही. कुणाला झुरळ बघवत नाही, कुणाला वाकडं टांगलेलं कॅलेंडर. मला स्क्रीनवर लाल रेघ दिसली की जेवण गोड लागत नाही. आमचं म्हैसुरातल्या हिनकलचं ऑफिस लहानसं, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर, आणि तिथे आम्ही लोकांसाठी वेबसाइटची पानं बनवतो. पान सेव्ह केलं रे केलं की एक चेकर आपोआप धावतो आणि पानातल्या चुका काढून पुढ्यात टाकतो. एखादी खूण उघडून बंद करायची राहिली, चित्राचं वर्णन लिहिलं नाही, की आली लाल रेघ. ऑफिसातले सगळे त्याला ‘मेष्ट्रू’ म्हणतात, म्हणजे कानडीत मास्तर. मी त्या मेष्ट्रूची लाडकी विद्यार्थिनी आहे असं माझ्या शेजारच्या टेबलावरचा नंजनगुडचा सहकारी सगळ्यांना सांगत फिरतो. सांगू दे. त्याच्या स्वतःच्या पानांत पिवळ्या वॉर्निंगा तोरणासारख्या लोंबत असतात आणि हा गृहस्थ खुशाल कॉफी पीत बसलेला असतो.

ज्यांना या कामातलं काही माहीत नाही त्यांना एवढंच सांगते. वेबच्या प्रत्येक पानामागे न दिसणाऱ्या खुणा असतात. हे शीर्षक आहे, ही एक ओळ इथे संपली, हे पान अमुक भाषेत आहे, असं त्या सांगत असतात. आपण त्यांत कितीही घोळ घातला तरी ब्राउझर बिचारा सांभाळून घेतो. लाडावलेल्या पोराच्या आईसारखा तो चुकांवर पांघरूण घालतो आणि पान आपल्याला छान दिसतं. पण ज्याला दिसत नाही आणि जो फोनकडून पान वाचून घेतो, त्याच्यासाठी त्या खुणा म्हणजेच पान. हे मला नोकरीत पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं आणि मी मान डोलावली होती. कळलं मात्र आत्यामुळे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मंडी मोहल्ल्यात राहते. खाली तिच्या मुलाचं शिवणकामाचं दुकान आणि वर घर. आमची माणसं म्हैसुरात किती पिढ्या आहेत ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात आम्ही मराठी बोलतो, पण महाराष्ट्रातून नव्याने आलेले लोक ती ऐकून आधी हसतात आणि मग विचारतात, "तुम्ही नक्की कुठले?" वाक्य मराठीत सुरू होतं, मधेच कानडीत शिरतं, आणि परत येईलच असं नाही. शाळा सगळ्यांची कानडी. मला देवनागरी वाचता येते ती हिंदीच्या तासांमुळे. आत्याला तीही येत नाही. ती मराठी लिहिते ती कानडी अक्षरांत. तिची सासू तसंच लिहायची, आणि यात काही विचित्र आहे असं आमच्यात कधी कुणाला वाटलं नाही.

आणि आत्या गाते. आमच्यात हळदीला बायका गाणी म्हणतात. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या झील ओढतात, आणि ती झील चालू असेपर्यंत सांगणारी पुढच्या ओळीवर नजर टाकून घेते. माझ्या आठवणीत ही ओळ सांगणारी बाई म्हणजे आत्याच. पुढ्यात कागदांची चळत, नाकावर चष्मा, आणि कुणी बेसूर झालं की भर कार्यात फटकारणार. माझ्या लग्नात माझ्या सख्ख्या मावशीला तिने सांगितलं होतं, "तू सुम्मने ताल धर, गाऊ नको." सुम्मने म्हणजे नुसतं, गुपचूप. मावशी अजून ते विसरलेली नाही.

मग आत्याचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधलं गेलं, कडेचं राहिलं. दारात कुणी उभं आहे हे कळतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं जपा, गेलेलं परत येणार नाही. आत्याने ते ऐकून घेतलं, घरी आली आणि सुनेला म्हणाली, "आजपासून तांदळातले खडे तू बघायचे." बस, एवढंच. आम्हाला वाटलं, बाईने पचवलं.

त्यानंतर तिच्या नातीचं लग्न ठरलं. ही नात कडकोळच्या एका कारखान्यात नोकरी करते, बोलायला फटकळ, आजीचाच साचा. मुलगा हुबळीचा, आपल्यातलाच. घरात आनंदीआनंद, आणि त्यात आत्याने जाहीर केलं की ती हळदीला गाणार नाही. कार्यालयात डीजे लावा म्हणाली.

"अगं, सगळी गाणी पाठ आहेत तुला," मी म्हटलं.

"पाठ आहेत. पण कागद दिसत नाही म्हटल्यावर ओळी आपसात भांडतात. ह्या गाण्याची त्या गाण्यात शिरते. नातीच्या हळदीत, हुबळीच्या विहिणींसमोर मी मधेच आ वासून बसू का? साकु." साकु म्हणजे पुरे.

नात म्हणाली, अज्जी गाणार नसेल तर मी हळदच लावून घेत नाही. आत्या म्हणाली, नको लावून घेऊस, हळद वाचेल. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि स्वयंपाकघरात आम्हा मधल्यांची पंचाईत. मागे बसून कुणीतरी ओळ कानात सांगेल असं सुचवलं तर आत्या भडकली. "म्हणजे सगळ्यांना दाखवायचं की म्हातारीला दिसत नाही." आधी तिचाच आवाज रेकॉर्ड करून ठेवू म्हटलं, तर तो थांबवायचा कसा आणि एकच ओळ मागे न्यायची कशी? शिवाय स्वतःचाच आवाज स्वतःच्या कानात ऐकून वेड लागेल म्हणाली. तेव्हा मला सुचलं. फोन वाचून दाखवतो ना? बोट सरकवलं की पुढची ओळ, उलट सरकवलं की मागची. एक इअरफोन पदराखाली, फोन मांडीवर. कुणाला पत्ता लागायचं कारण नाही. आत्या म्हणाली, "करून आण, मग बघू." आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाही. पण तिने कागद दिले.

नातीने ती चळत कारखान्यात नेली आणि जेवणाच्या सुट्टीत बसून एकेक गाणं फोनवर कानडीत टाइप करून मला पाठवायला लागली. अक्षरं तिला येत होती, शब्द निम्मे नव्हते. मधेच मेसेज यायचा, "माजघर म्हणजे काय?" मी सांगायचे. मी पान तयार केलं. गाणं म्हणजे शीर्षक, आणि ओळीला ओळ वेगळी, म्हणजे एका वेळी एकच ओळ कानात पडेल. सेव्ह केलं. ब्राउझरमध्ये पान इतकं देखणं दिसत होतं की मी सहकाऱ्याला बोलावून दाखवलं. आणि खाली मेष्ट्रूने लाल रेघांची रांग लावली होती. घाईघाईत मी कितीतरी ओळी बंदच केल्या नव्हत्या. डोळ्यांना त्या वेगळ्या दिसत होत्या, पण फोनने दोन दोन ओळी एकदम वाचल्या असत्या आणि आत्या भर कार्यात अडकली असती. मी चेकरला मनातल्या मनात हात जोडले आणि एकेक चूक काढली.

शेवटी एक पिवळी वॉर्निंग उरली. पानावर भाषेची खूण मराठीची आहे, पण मजकूर कानडी दिसतो, असं तिचं म्हणणं.

"कानडीच आहे की," सहकारी माझ्या स्क्रीनमध्ये डोकावत म्हणाला. "थांब, मीच वाचतो." आणि त्याने पहिली ओळ खणखणीत वाचली. "तट्ट्यात अरशिण, वाटीत तेल, पोर आमची परघरी जाईल." मग थांबला. तट्टे म्हणजे ताट आणि अरशिण म्हणजे हळद, हे दोन कानडी शब्द त्याला आपले वाटले. बाकीचं त्याने आणखी एकदा वाचलं, आणखी हळू. अक्षर न् अक्षर येत होतं आणि अर्थ हाती लागत नव्हता. त्याचा चेहरा बघून मला हसू आवरेना.

हसले खरी, पण ती पिवळी रेघ मला टोचत राहिली. चेकरला पटणारं उत्तर काय ते मला माहीत होतं. मी मराठीची खूण काढली, कानडीची घातली, आणि पान स्वच्छ हिरवं झालं. एकही चूक नाही. मला इतकं बरं वाटलं की खालच्या बेकरीतून आत्यासाठी खोबरं भरलेला दिलपसंद घेऊन मी तशीच मंडी मोहल्ल्यात गेले.

आत्याने इअरफोन कानात घातला, मी तिचं बोट धरून सरकवायला शिकवलं. खूण कानडीची, म्हणून फोनमधली कानडी आवाजाची बाई बोलायला लागली. आत्या एक ओळ ऐकत होती, मग दुसरी. मग तिने भुवया वर केल्या.

"ही प्रत्येक शब्दाला शेपूट का लावते?"

खरंच लावत होती. आपण तोंडात मिटून टाकतो ते शेवटचं अक्षर ती बाई पूर्ण, ठसठशीत उच्चारत होती. तेल नाही, ‘तेला’. पोर नाही, ‘पोरा’. तिच्या भाषेत तेच बरोबर. पण ओळ लांबत होती, ठेका मोडत होता, आणि आत्याने तशी म्हणून बघायला तोंड उघडलं तर तिचीच चाल बिघडली. तिने परत प्रयत्न केला. मग इअरफोन काढून माझ्या हातात ठेवला.

"राहू दे गं. उगाच त्रास घेतलास." आणि खाली दुकानात हाक मारून मुलाला म्हणाली, "डीजेवाल्याला हो म्हणून टाक."

ती रागावली असती तर मला चाललं असतं. ती रागावली नाही, माझ्यासाठी चहा टाकायला उठली. स्कूटरवर येताना मी फोनवर चिडले, त्या कानडी बाईवर चिडले, आणि सगळ्यात जास्त त्या हिरव्या रंगावर. मास्तर खूश व्हावा म्हणून मी आत्याची मराठी कानडी म्हणून लिहून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातलं काम बाजूला ठेवून मी भाषेच्या खुणांचे नियम मुळातून वाचायला बसले. इतकी वर्षं ती खूण मी डोळे मिटून टाकत आले होते. आणि तिथे चक्क लिहिलेलं होतं की भाषा वेगळी आणि लिपी वेगळी सांगता येते. म्हणजे ‘मराठी, कानडी अक्षरांत’ अशी खूण करता येते. मी ते दोनदा वाचलं. जगात कुठेतरी बसून कुणीतरी विचार केला होता की माणसं एक भाषा बोलतील आणि दुसरीच्या अक्षरांत लिहितील, आणि त्यांच्यासाठी जागा करून ठेवली होती. आम्ही म्हणजे चूक नव्हतो. मला एकदम रडूच आलं. सहकाऱ्याने कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला.

खूण खरी झाली, पण फोन मुका झाला. मराठी आवाजाच्या बाईला कानडी अक्षरं येईनात, कानडी बाईला मराठी येईना. आमच्या घरातल्यासारखी दोन्ही येणारी बाई फोनमध्ये कुणी ठेवलेलीच नव्हती. मी हात टेकले. तेव्हा तो नंजनगुडचा बोलला. कानडी आणि देवनागरीची अक्षरं कॉम्प्युटरच्या कोष्टकात एकाच क्रमाने बसवलेली असतात, ‘क’समोर ‘क’, ‘ळ’समोर ‘ळ’. एकातून दुसरं काढायला फार डोकं लागत नाही. आणि त्याने ते जेवणाच्या आत करून दिलं. आता प्रत्येक ओळ डोळ्यांसाठी कानडीत होती आणि तिच्या पाठीशी फक्त आवाजासाठी तीच ओळ देवनागरीत.

मेष्ट्रू मात्र कुरकुरतच होता. त्याला अक्षरं बघून भाषा ओळखायची सवय.

"एवढी एक तपासणी बंद करून टाक ना," सहकारी म्हणाला. "एका मिनिटाचं काम."

"तुझ्यासारखं?" मी म्हटलं. बंद करणार नव्हते मी. मास्तराला कळत नसेल तर त्याला शिकवायचं, शाळेबाहेर नाही काढायचं. मी चेकरसाठी नवा नियम लिहिला. पानावर ‘मराठी, कानडी अक्षरांत’ अशी खूण असेल तर विश्वास ठेव, भाषेवरून कटकट करू नको. त्याऐवजी प्रत्येक ओळीला तिची देवनागरी जोडीदारीण आहे की नाही ते बघ. सेव्ह केलं, आणि ताबडतोब लाल रेघ. नातीने मागाहून पाठवलेली एक ओळ जोडीदारणीशिवाय राहिली होती. फोन तिथे गप्प बसला असता आणि आत्याही. जन्मात पहिल्यांदा लाल रेघ बघून माझा जीव भांड्यात पडला.

तो नियम मी चेकर बनवणाऱ्यांनाही पाठवला, आमच्या घरात असं असं लिहितात असं थोडक्यात समजावून. उत्तराची आशा नव्हती. पण आलं. कुणी अनोळखी माणूस, कुठल्या देशातला ते मी विचारलं नाही. त्याने लिहिलं की त्याच्या आईच्या भाषेचीही हीच गत आहे, आणखी नमुने असतील तर पाठवा. मी ते उत्तर आत्याला वाचून दाखवलं तर म्हणाली, "त्याच्या आईलाही दिसत नाही का?" मी म्हटलं, ते नाही माहीत. "विचार," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा इअरफोन घातला तेव्हा तिने पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली. बोट सरकवत राहिली. मग ओठ हलायला लागले.

"ही पुण्याची का गं?"

"कुठली का असेना. बोलते कशी?"

"बोलते बरी. अरशिण मात्र मेलीला जमत नाही." आणि इअरफोन काढून नीट गुंडाळून उशाशी ठेवला. डीजेचं काय करायचं ते विचारलं, तर "बघू" म्हणाली.

तो ‘बघू’ हळदीच्या सकाळपर्यंत टिकला. कार्यालयात कोपऱ्यात डीजेची खोकी येऊन पडली होती, हुबळीच्या बायका नटूनथटून बसल्या होत्या, नवरी पाटावर. आत्या येते की नाही याकडे आमचे डोळे. आली. जरीची साडी, डोक्यावरून पदर, मांडीवर ओटीच्या तांदळाचं सूप आणि सुपाच्या आड फोन. डीजेवाल्याने वायर लावायला घेतली तर तिने नुसता हात वर केला. तो थांबला.

आणि आत्याने ओळ सांगितली. तट्ट्यात अरशिण, वाटीत तेल. आम्ही झील ओढली. ती चालू असताना तिचं बोट सुपाआड सरकलं, मान किंचित कलली, आणि पुढची ओळ आली, जागच्या जागी. मग पुढची. हुबळीच्या एका विहिणीने आमच्याहून वेगळे शब्द घातले तर आत्याने गाता गाता तिच्याकडे तोंड करून आपले शब्द मोठ्याने म्हटले आणि त्या बाईने निमूट बदलले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी हसतही होते. एकामागून एक गाणी झाली, एक ओळ इकडची तिकडे नाही.

शेवटचं गाणं आई लेकीला सांगते ते. जाशील त्या घरी दिवा लाव गं, इथला मी लावीन. ती ओळ आली आणि आत्या थांबली.

मला वाटलं फोन अडकला. पण तिची मान कललेली होती, बोट मागे जात होतं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. ओळ तिला ऐकू येत होती. तिला ती म्हणता येत नव्हती. बायका वाट बघत होत्या. कुणीतरी खोकलं. डीजेवाला उगाच वायरशी चाळा करायला लागला.

आमच्यात नवरी स्वतःच्या हळदीत गात नाही. मान खाली घालून बसते, हळद लावतील तशी लावून घेते. त्यामुळे ती ओळ पाटावरून आली तेव्हा आवाज कुणाचा हे कळायलाच आम्हाला एक क्षण लागला. गालांवर हळद थापलेली, समोर सासरची माणसं, आणि ही पोरगी गात होती. जाशील त्या घरी दिवा लाव गं. उच्चार कानडी, सूर कुठल्या कुठे, पण शब्द एकही चुकला नाही. ओळ पुरी करून ती घाबरून थांबली आणि आजीकडे बघायला लागली.

आत्याने पदराने डोळे पुसले. समोर बघितलं की नात तिला दिसत नाही, म्हणून तिने तोंड थोडं बाजूला वळवलं, आणि डोळ्याच्या कडेने नातीला चांगलं बघून घेतलं.

"सूर खाली गेला तुझा," ती म्हणाली. "परत घे."